रिमोट तुझ्याही हातात असू दे

छोटी, दार लोटून घे आणि घटकाभर बस माझ्याजवळ. तुला काय खटकून राहिलंय ते मला कळलंय. घरात एवढं महागाचं होम थिएटर आलं, सगळे कौतुकानं समोर बसतात, आणि तुला मात्र सिनेमातलं अर्धं बोलणं ऐकू येत नाही. गाणं लागलं की शोकेसच्या काचा थरथरतात, संवाद आला की सगळे कान देऊन पुढे वाकतात. मामंजी आवाज वाढवायला सांगतात आणि पुढच्याच मारामारीला आत निजलेलं बाळ दचकून उठतं. तू बोलत नाहीस, कारण ‘तुला यातलं काय कळतं’ हे ऐकायची तुझी तयारी नाही. बाई गं, तुझे कान ठणठणीत आहेत. यंत्रही चांगलं आहे. बहुतेक घरांत चुकतो तो मोड, म्हणजे आवाज स्पीकरांत कसा वाटायचा ती पद्धत, आणि मोड निवडणं तुला सहज जमेल.

सगळ्यात आधी मनाशी एक गाठ बांधून ठेव. मोडच्या नावाला भुलू नकोस. दोन प्रश्न विचार: रिसीव्हरमध्ये, म्हणजे सगळे स्पीकर जोडलेल्या मुख्य यंत्रात, आवाज आला कसा, आणि तो ऐकणार कोण? एवढं विचारलंस की रिमोटवरच्या पंधरा-वीस नावांतली तीन-चारच तुझ्या कामाची उरतात.

तुमच्याकडे ५.१ आहे. म्हणजे पुढे डावा आणि उजवा, दोघांच्या मध्ये टीव्हीखाली सेंटर, बसण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना जरा मागे सराउंड, आणि ‘पॉइंट वन’ म्हणजे धमक देणारा सबवूफर. सिनेमाचा आवाज तयार करणारी माणसं माणसांचं बोलणं बहुतेक सगळं सेंटरमध्ये ठेवतात. संगीत पुढच्या दोघांत पसरतं. पाऊस, गर्दी, मागून येणारी गाडी यांना सराउंडमध्ये जागा मिळते. म्हणून तुला बोलणं ऐकू येत नसेल तर पहिला संशय सेंटरवर घे. तो नीट वाजतो का, की कुठल्यातरी मोडनं त्याचं काम भलत्याच स्पीकरांना वाटून दिलं?

आता मोडांचे गट सांगते. पहिला गट आहे आला तसा वाजवणाऱ्यांचा. यामाहावर ‘स्ट्रेट’, डेनॉनवर ‘ऑटो’, सोनीवर ‘ए.एफ.डी. ऑटो’. नावं वेगळी, वृत्ती एक: सिनेमा ५.१ मध्ये आला तर ५.१ मध्ये वाजवायचा, गाणं दोन वाहिन्यांत (चॅनलांत) आलं तर दोनच स्पीकरांतून वाजवायचं. यातलाच ‘डायरेक्ट’ किंवा ‘प्युअर डायरेक्ट’ आणखी कडक असतो. तो बास-ट्रेबल वरखाली करणारी सगळी बटणं बाजूला ठेवतो, आणि खोलीनुसार केलेली दुरुस्तीही सोडून देतो. शांत दुपारी एकटीनं एखादा राग ऐकायचा असेल तर तो घे. रोजच्या सिनेमाला नको.

दुसरा गट पसरवणाऱ्यांचा. ‘डॉल्बी सराउंड’, ‘डीटीएस न्यूरल:एक्स’, आणि जुन्या यंत्रांवर ‘प्रो लॉजिक टू’. दोन वाहिन्यांचा आवाज घेऊन हे मोड त्यातून सेंटर आणि सराउंडचा वाटा वेगळा काढतात. दोन्ही बाजूंना सारखं असलेलं, म्हणजे बहुतेक वेळा बोलणं, ते सेंटरला देतात; विखुरलेलं मागे पाठवतात. यांना कमी समजू नकोस, या कामामागे मोठी परंपरा आहे. घरासाठीचा पहिला डॉल्बी सराउंड १९८२ साली आला, प्रो लॉजिक १९८७ साली, प्रो लॉजिक टू २००० साली. मग २०१४ च्या सुमारास घरात डॉल्बीचं ॲटमॉस आलं तेव्हा नव्या पद्धतीला पुन्हा जुनंच नाव दिलं गेलं. म्हणून नव्या यंत्रावरचा डॉल्बी सराउंड आणि चाळीस वर्षांपूर्वीचा डॉल्बी सराउंड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवा बराच हुशार आहे.

तिसरा गट जागेचा भास देणाऱ्यांचा. डेनॉनवर ‘रॉक अरिना’, ‘जॅझ क्लब’. यामाहावर म्युनिक आणि व्हिएन्नाच्या सभागृहांची नावं. हे मोड मूळ आवाजात प्रतिध्वनी मिसळतात. आमच्या जावईबापूंना पहिल्या दिवशी यातलाच कुठला तरी भारी वाटला असणार, कारण सगळे स्पीकर एकदम बोलू लागतात. पण प्रतिध्वनी मिसळला की शब्दांच्या कडा झिजतात. बोलणं अंधुक होण्याचं तुमच्या घरातलं कारण मला हेच दिसतं. गाण्याच्या मैफलीला हौसेनं कधी लावा, पण सिनेमाला आणि बातम्यांना हा गट बंद.

आणि एक चौथा वेगळा ठेव: ‘मल्टी चॅनल स्टिरिओ’ किंवा ‘ऑल चॅनल स्टिरिओ’. तो डाव्या बाजूच्या सगळ्या स्पीकरांत डावा आवाज देतो, उजव्या बाजूच्या सगळ्यांत उजवा. सिनेमाला तो घातक, कारण मागून-पुढून सारखंच ऐकू येतं आणि चित्राशी आवाजाची दिशा जुळत नाही. पण महालक्ष्म्यांच्या जेवणाला घर भरलेलं असताना, अर्धी माणसं दिवाणखान्यात आणि अर्धी स्वयंपाकघराच्या दाराशी असताना, मंद आवाजात भक्तिगीतं लावायची तर याच्यासारखा दुसरा नाही. कुणाच्याच कानाशी कर्कश होत नाही आणि सगळीकडे सारखं पोचतं.

आता पहिला प्रश्न: आवाज आला कसा? हे ओळखायला रिसीव्हरच्या समोरच्या पट्टीवर पाहा. ‘डॉल्बी डिजिटल’, ‘डॉल्बी डिजिटल प्लस’, ‘डीटीएस’ किंवा ‘ॲटमॉस’ दिसलं तर आवाज वेगवेगळ्या वाहिन्यांत नीट वाटून आला आहे. ‘पीसीएम’ आणि सोबत दोन वाहिन्या दिसल्या तर आत फक्त स्टिरिओ आलंय. सिनेमा ५.१ मधला असूनही पट्टीवर दोनच वाहिन्या दिसत असतील, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा. आवाजाच्या विभागात डिजिटल आउटपुटला ‘पीसीएम’ निवडलेलं असेल, ते बदलून ‘पास-थ्रू’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘ऑटो’ कर. किती तरी घरांत सगळी गोम एवढ्यातच असते. मग मूळ सिनेमाचे पाच-सहा वाटे टीव्हीच दोनांत गुंडाळून पाठवतो आणि आपण रिसीव्हरला दोष देत बसतो.

वायर कुठली आहे तेही बघ. टीव्हीपासून रिसीव्हरला जाणारी एचडीएमआय वायर ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेल्या खाचेत असली पाहिजे. साध्या एआरसीतून डॉल्बी डिजिटल आणि डॉल्बी डिजिटल प्लस येतं; मोबाइलवरच्या आणि टीव्हीवरच्या सिनेमांच्या सेवा ॲटमॉस याच प्लसमधून पाठवतात, म्हणून ते सहसा अडत नाही. ब्लू-रे चकतीवरचा काहीही न गाळलेला मोठा आवाज मात्र टीव्हीमार्गे आणायचा तर ईएआरसी लागतं. जुनी ऑप्टिकल वायर असेल तर ५.१ मिळेल, ॲटमॉस मिळणार नाही.

आता तुझ्या रोजच्या पाहण्याला हे लावून देते. ‘झुंड’ घे. २०२२ चा, नागराज मंजुळेंचा, विजय बारसे सरांच्या कामावर बेतलेला, आपल्याच नागपुरातला सिनेमा. मैदानावरचा गलका तुझ्या दोन्ही बाजूंना असायला हवा आणि मुलांचं बोलणं पडद्याच्या मधोमध. अशा सिनेमाला पहिल्या गटातला मोड, म्हणजे आला तसा. ‘सैराट’लाही तोच. संगीतकार अजय-अतुलनी त्याचं वाद्यवृंदाचं संगीत अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मोठ्या सिंफनी ताफ्यासह ध्वनिमुद्रित केलं. इतक्या कष्टानं केलेल्या कामात आणखी एक नकली सभागृह कशाला मिसळायचं? व्हायोलिनांचा पसारा आहे तसा ऐक, तेवढ्यानंच तुझ्या अंगावर काटा येईल.

‘अशी ही बनवाबनवी’ लागला तर वेगळं. १९८८ चा तो सिनेमा. त्या काळातले बहुतेक मराठी सिनेमे मोनो आवाजाचे, म्हणजे सगळा आवाज एकाच वाहिनीतला. आज तो टीव्हीवर येतो तेव्हा डाव्या-उजव्या दोन्हींत तोच आवाज असतो. इथे ‘डॉल्बी सराउंड’ लाव. दोन्हींत सारखं असलेलं सगळं तो सेंटरकडे आणतो, आणि पूर्वी थिएटरात जसा पडद्यामागच्या एकाच जागेतून आवाज यायचा तसा येऊ लागतो. कडेला बसलेल्या सासूबाईंनाही बोलणं पडद्यातूनच येतंय असं वाटतं. सराउंड गप्प राहिले म्हणून घाबरू नकोस. त्यांच्यासाठी त्या आवाजात काही ठेवलेलंच नव्हतं. दोन वाट्यांतलं वरण पाच पानांवर वाढलं म्हणून वरण वाढत नाही.

संध्याकाळच्या मालिका आणि बातम्या बहुधा स्टिरिओत येतात. त्यालाही डॉल्बी सराउंडच चांगला, कारण बोलणं सेंटरला मिळतं. जुनी भावगीतं, नाट्यगीतं, मैफली यांना मात्र साधं ‘स्टिरिओ’. गायक मधोमध उभा, तबला एका अंगाला, पेटी दुसऱ्या, अशी बैठक ध्वनिमुद्रण करणाऱ्यानं मांडून ठेवलेली असते. ती मोडू नये असं मला मनापासून वाटतं. न्यूरल:एक्स आवाज जरा जास्त मोकळेपणानं मागे पाठवतो. क्रिकेटच्या सामन्याला लावून बघ, प्रेक्षकांमध्ये बसल्यासारखं वाटेल. समालोचन अंधुक झालं तर परत फिर.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते मोठा प्रश्न: ऐकणार कोण? मामंजींचे कान थकलेत. त्यांच्यासाठी सगळाच आवाज वाढवला तर बाळाची झोप जाते. म्हणून मुख्य आवाज सोड आणि एकट्या सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबलनं वाढव. ‘डायलॉग लेव्हल’ किंवा ‘सेंटर लेव्हल’ नावानं ते सापडेल. बोलणं वर येईल, बाकी होतं तिथेच राहील. घरात म्हातारं माणूस आहे तिथे ही सोय न वापरणं मला पटत नाही. आपल्याच घरातला माणूस समोर बसून गोष्टीबाहेर राहतो, हे किती वाईट आहे बघ.

रात्री दुसरं एक चालू कर: ‘नाइट मोड’, ‘डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन’, किंवा डेनॉनवर ‘डायनॅमिक व्हॉल्यूम’. यानं कुजबुज थोडी वर येते आणि स्फोट खाली दबतो. सिनेमाचा आवाज मोठ्या शांत थिएटरासाठी बनतो, तिथे हळू आणि मोठ्याचं अंतर मुद्दाम खूप ठेवलेलं असतं. घरात, शेजारी भिंतीपलीकडे असताना, ते अंतर कमी करण्यात काही कमीपणा नाही. रात्री दहा ते सकाळी सहा ही कायद्यानं ठरवलेली शांततेची वेळ आहे. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. आणि सबवूफरची धमक भिंत ओलांडून जाते हे विसरू नकोस. दहानंतर तो उतरवच. शेजारणीशी जपलेलं नातं कुठल्याही मारामारीच्या प्रसंगापेक्षा मोलाचं आहे.

उन्हाळ्यात आपल्या नागपूरचं वेगळंच असतं. पारा पंचेचाळीसच्या पुढे, खिडकीत कूलर गरगरत असतो आणि त्याची घरघर बोलण्याच्याच अंगाला येऊन बसते. अशा दिवसांत पहिल्या गटातला ‘डायरेक्ट’ सोडून कोणताही मोड लाव, पण डायलॉग लेव्हल आणखी एक पायरी वर ठेव आणि रेंज थोडी आवळ. पावसाळा लागला, कूलर बंद झाला, की परत सैल कर. एकच मोड बारा महिने लावून ठेवायचा हट्ट कशाला? एक मात्र जप: स्पीकर कूलरच्या थेट झोताला ठेवू नकोस. ओलसर वाऱ्यानं त्याचा कागदी पडदा आणि दाबलेल्या लाकडाची पेटी दोन्ही खराब होतात.

मोड बरोबर असूनही आवाज जुळेना, तर स्पीकर कुठे ठेवलेत ते बघ. सराउंड टीव्हीच्या शेजारी खिळून ठेवले असतील तर जगातला कुठलाही मोड मागचा आवाज मागून आणू शकत नाही. तू सोफ्यावर बसून सरळ टीव्हीकडे पाहिलंस की पुढचे दोन साधारण तीस अंशांवर हवेत, आणि सराउंड तुझ्या कानाच्या रेषेच्या किंचित मागे, एकशे दहा ते एकशे वीस अंशांवर, कानापेक्षा थोडे वर. सेंटर कपाटाच्या खणात आत ढकललेला असेल तर पुढच्या कडेपर्यंत ओढ आणि तोंड जरा वर, कानाकडे कर.

तुम्ही लकडगंजात राहता, आरामशिनी आणि सागवानाच्या वखारी दाराशी. मिस्त्री हाक मारल्यावर येतो, ही मोठी सोय आहे. त्याच्याकडून सराउंडसाठी कानाच्या उंचीचे दोन भक्कम स्टँड करून घे. टीव्हीचं कपाट करताना मात्र त्याला बजावून सांग की रिसीव्हरच्या खणाला मागे पाठ नको आणि वरती भरपूर मोकळी जागा हवी. ते यंत्र तापतं, बंद पेटीत ठेवलं तर आयुष्य कमी होतं. लाकडाचा बारीक भुसा आपल्याकडे सगळीकडे बसतो, म्हणून रिसीव्हरच्या जाळ्या कोरड्या कापडानं पुसत जा. आणि तुमच्या दिवाणखान्यात लाकडी पॅनेल, काच, चकचकीत फरशी सगळंच टणक आहे. आवाज आदळून परत येतो आणि शब्द घोळतात. एक जाड सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा, एवढ्यानं जो फरक पडेल तो तुला लगेच कळेल.

हे झालं की माइक लावून खोलीची मोजणी करा. डेनॉनवर तिला ऑडिसी म्हणतात, यामाहावर वायपीएओ. यंत्र स्पीकरांतून आवाज सोडतं, माइकनं ऐकतं आणि अंतर, पातळी, सूर जुळवतं. दुपारी करू नका. आरामशीन चालू, सेंट्रल ॲव्हेन्यूवरची वाहतूक, वर कूलर. यंत्राचाच गोंधळ होईल. रात्री रस्ता शांत झाला की पंखा-कूलर बंद करून करा. माइक बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेव, आणि पहिली जागा मामंजींची धर. नंतर सेटिंगमध्ये सगळे स्पीकर ‘स्मॉल’ आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झच्या आसपास आहे ना ते बघ, म्हणजे जड आवाज सबवूफरकडे जातो आणि लहान स्पीकरांवर ताण येत नाही.

शेवटी सगळ्यांच्या सोयीचं सांगते. यामाहाच्या रिमोटवर ‘सीन’ आणि डेनॉनच्या रिमोटवर ‘क्विक सिलेक्ट’ अशी बटणं असतात. त्यांत आपली पसंती साठवता येते. एकात सिनेमा: आला तसा आवाज. दुसऱ्यात मालिका-बातम्या: डॉल्बी सराउंड, बोलणं वर. तिसऱ्यात गाणी: स्टिरिओ. चौथ्यात रात्र: रेंज आवळलेली, सबवूफर उतरवलेला. कागदावर मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहून रिमोटच्या पाठीवर चिकटव. मग सासूबाईसुद्धा कुणाला हाक न मारता लावतील.

आणि जावईबापूंशी भांडू नकोस. एक प्रसंग निवड, ज्यात दोन माणसं हळू बोलतात. आधी त्यांच्या आवडत्या मोडवर ऐकव, मग आला तसा लावून ऐकव, आवाजाची पातळी दोन्ही वेळा सारखी ठेव, कारण जो मोठा वाजतो तो आपल्याला उगाचच चांगला वाटतो. निकाल त्यांनाच देऊ दे. त्यांना तरीही मैफलीचा भास आवडला तर गाण्यांना तो ठेवा. घर दोघांचं आहे. पण सिनेमातला शब्द सगळ्यांना समजला पाहिजे, यावर तू मागे हटू नकोस. घरातलं यंत्र घरातल्या प्रत्येकाच्या कानासाठी आहे, तुझ्याही. आज रात्री रिमोट माग, पट्टीवर काय लिहिलंय ते वाच, आणि पहिला मोड तू निवड.